नगराची अक्षरे : बंगळूरमधील ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय

म्हैसूर सँडल साबणाची पेटी महाराष्ट्रातील वाचकांनाही अपरिचित नाही. पेटीवर फुलांची नक्षी असते आणि मधोमध एक विलक्षण प्राणी उभा असतो : धड सिंहाचे, मस्तक हत्तीचे. पुराणांतील शरभाचे हे एक रूप होय. पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानातील चंदनाची परदेशी निर्यात खुंटली आणि लाकडाचे साठे पडून राहिले. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१६ साली संस्थानाने चंदनाचे तेल काढण्याचा उद्योग हाती घेतला. त्याच प्रयत्नातून बंगळूरचा सरकारी साबण कारखाना उभा राहिला. सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनज्ञाला साबणनिर्मितीचे ज्ञान मिळवण्यासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. परत आल्यावर शास्त्रींनी केवळ साबणाचे मिश्रण सिद्ध केले नाही. वडीचा आकार लंबगोल असावा, दागिना गुंडाळावा तशी ती पातळ कागदात गुंडाळलेली असावी, पेटी दागिन्यांच्या डब्यासारखी दिसावी आणि तिच्यावर शरभ असावा, हेही त्यांनीच ठरवले.

आजच्या भाषेत सांगायचे तर शास्त्रींनी एका मालाची संपूर्ण दृश्य ओळख घडवली, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी ती ओळख टिकून आहे. मात्र त्या काळात या कामाला स्वतंत्र नाव नव्हते, ते शिकवणारी शाळा नव्हती, आणि त्याचे वेगळे मूल्य आकारावे ही कल्पना कोणाला सुचण्याचे कारणही नव्हते. आज या कामाला नाव आहे, शाळा आहेत, पदव्याही आहेत. मूल्याचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. बंगळूरच्या निमित्ताने तोच येथे समजून घ्यावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. ‘डिझाइन’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाहीत असे नाही. उलट ते फार आहेत. कोणी ‘संकल्पन’ म्हणतात, कोणी ‘आकृतिबंध’, सरकारी हिंदीच्या वळणाने जाणारे ‘अभिकल्प’ म्हणतात, आणि शिंप्याकडे जाणारा माणूस ‘नमुना’ म्हणून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अनुवादाचा असल्यामुळे असे प्रसंग नेहमीचेच. बराच काळ ‘अभिकल्प’ वापरून पाहिला आणि अखेर सोडून दिला, कारण तो शब्द ज्यांच्यासाठी योजायचा त्या व्यावसायिकांनाच तो समजावून सांगावा लागत होता. म्हणून येथे ‘डिझाइन’ हाच शब्द ठेवला आहे.

ग्राफिक डिझाइन म्हणजे चित्र काढणे नव्हे. मजकूर, अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करणे की जे सांगायचे आहे ते पाहणाऱ्याला विनासायास कळावे, हे या कलेचे काम. औषधाच्या वेष्टनावरील मुदतीची तारीख, रेल्वे-स्थानकावरील बाण, पाठ्यपुस्तकाचे पान, विजेचे देयक, हे सारे तिच्याच कक्षेत येते. बोधचिन्ह हे तर या व्यवसायाचे सर्वांना दिसणारे फळ. बँकेचे बोधचिन्ह दोन मिनिटांत काढता येईल असे पाहणाऱ्याला वाटते, आणि रेषा ओढायला खरोखर दोनच मिनिटे लागतात. परंतु धनादेशाच्या कोपऱ्यात ते पाच मिलिमीटरएवढे छापले तर शाईने भरून जाईल काय? इमारतीवर तीन मीटरचे केले तर पोकळ दिसेल काय? एकाच रंगात, हलक्या कागदावर, काळ्यावर पांढरे असे छापले तर तगेल काय? तालुक्याच्या गावी रंगाऱ्याने ते शिडीवर चढून हाताने रंगवले तर बिघडेल काय? या साऱ्या कसोट्यांना उतरेल असे चिन्ह शोधण्यात महिने जातात. भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह १९७१ साली शेखर कामत यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तयार केले. एक निळे वर्तुळ, त्याच्या मध्यभागी लहानसे पांढरे वर्तुळ आणि तेथून खाली उतरणारी एक चीर, एवढेच ते आहे. शाळकरी मुलालाही ते आठवणीने काढता येते. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते का टिकले, याचे उत्तर याच साधेपणात आहे.

आता पैशाकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वीपासून मुंबईत जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडणारे ‘कमर्शियल आर्टिस्ट’ जाहिरात संस्थांमध्ये नोकरी करीत. या संस्थांचे उत्पन्न चित्रावर अवलंबून नव्हते. वृत्तपत्रात जाहिरात छापली की वृत्तपत्र आपल्या दरातून पंधरा टक्के रक्कम संस्थेला वटाव म्हणून देत असे, आणि त्याच पंधरा टक्क्यांत संस्थेचा संसार चाले. साहजिकच गिऱ्हाइकाला चित्र, अक्षर, बोधचिन्ह जवळजवळ फुकट मिळे, किंवा निदान फुकट मिळते आहे असे वाटे. जाहिरातीच्या जागेला दर होता, पण तिच्यात काय आहे याला दर नव्हता. या व्यवस्थेतून उत्तम काम झाले नाही असे मुळीच नाही. परंतु डिझाइन ही जाहिरातीबरोबर मिळणारी वरकड वस्तू आहे, ही समजूत व्यापाऱ्यांच्या मनात या व्यवस्थेने दृढ केली, आणि ती समजूत मोडून काढण्यात पुढच्या पिढीचा पुष्कळ काळ गेला.

दुसरा प्रवाह अहमदाबादचा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली आपला अहवाल सादर केला. भारतातील सर्वांत सुंदर वस्तू कोणती, याचा विचार करताना त्यांनी साध्या लोट्याची निवड केली होती, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. तेथून शिकून निघालेले विद्यार्थी स्वतःला जाहिरातीचे चित्रकार समजत नव्हते. प्रश्न सोडवणे हे आपले काम आणि त्याचा मोबदला आपण घेऊ, असे ते म्हणू लागले. पण असा मोबदला देणार कोण? १९७० च्या दशकात तरी तो मुख्यतः सरकारी उपक्रम आणि बँकाच देत होत्या.

१९८९ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी पुण्यात राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या काही तरुण पदवीधरांनी ‘एलिफंट’ ही संस्था काढली, आणि बंगळूरमध्ये सुजाता केशवन यांनी कोलकात्याचे जाहिरात-व्यावसायिक राम रे यांच्या भागीदारीत ‘रे अँड केशवन’ स्थापन केली. केशवन यांचे शिक्षण अहमदाबादला आणि पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठात झाले होते. या संस्था जाहिरातीच्या वटावावर जगणार नव्हत्या; डिझाइनसाठी डिझाइनचे पैसे, हा त्यांचा पाया होता. दोनच वर्षांनी देशाचे आर्थिक धोरण बदलले, परदेशी माल दुकानांच्या फळ्यांवर देशी मालाशेजारी येऊन बसला, आणि आपले वेष्टन जुनाट दिसते हे कारखानदारांना अचानक उमगले. या संस्थांचा जम बसला त्याला हेही एक कारण होय. २००५ साली बंगळूरमध्ये ‘इडियम’ ही मोठी डिझाइन-संस्था फ्यूचर समूहाच्या सहभागाने सुरू झाली आणि दुकानांच्या साखळ्याच्या साखळ्या तिने सजवल्या. २००६ मध्ये ‘रे अँड केशवन’ डब्ल्यूपीपी या जागतिक जाहिरात-समूहाने विकत घेतली. जाहिरातीपासून वेगळी होऊन मोठी झालेली संस्था अखेर जाहिरातीच्या समूहातच गेली, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

शिक्षणाच्या बाबतीत बंगळूरला कमतरता नाही. चित्रकला परिषदेचे महाविद्यालय जुने आहे. १९९६ मध्ये गीता नारायणन यांनी सृष्टी ही संस्था सुरू केली, आणि २००६ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्थेनेही तुमकूर रस्त्यावर आपले केंद्र उघडले. त्यानंतर खासगी विद्यापीठांनी डिझाइनचे अभ्यासक्रम इतक्या वेगाने काढले की दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना सामावून घेणे एकट्या स्टुडिओंच्या आवाक्यातले राहिले नाही.

हे पदवीधर जातात कोठे? याचे उत्तर शोधण्यासाठी बंगळूरच्या दुसऱ्या इतिहासाकडे पाहावे लागते. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली, आणि पुढच्या तीन-चार दशकांत हे शहर संगणक-उद्योगाची राजधानी बनले. प्रारंभी या उद्योगाला डिझाइनची गरज भासत नव्हती. पडद्यावर काय दिसावे हे आज्ञावली लिहिणारा अभियंताच ठरवीत असे. पण सामान्य माणूस खिशातल्या फोनवरून तिकीट काढू लागला, भाजी मागवू लागला, पैसे पाठवू लागला, तेव्हा चित्र पालटले. कोणते बटण कोठे असावे, ‘रद्द करा’ हे शब्द किती ठळक असावेत, चूक झाली तर माणसाला परत कसे यावे हे कसे कळेल, या प्रश्नांवर कंपनीचा नफा-तोटा अवलंबून राहू लागला. अशा कंपन्यांनी आपल्या घरातच डिझायनरांचे विभाग उभे केले आणि त्यांना अभियंत्यांच्या बरोबरीचे वेतन दिले. शास्त्रींच्या साबणाइतकेच हेही खरे डिझाइन आहे. त्याला दुय्यम मानण्याचे कारण नाही. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, चार-सहा टेबलांचा लहान स्टुडिओ नव्या पदवीधराला जे वेतन देऊ शकतो त्याची तुलना करणेच व्यर्थ झाले. मुले स्टुडिओत वर्षभर राहतात, हात बसला की कंपनीत जातात.

अशा एका स्टुडिओत काही वर्षांपूर्वी जाण्याचा योग आला. जयनगरमधील जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तो होता. चालवणाऱ्या दोघी. त्यांपैकी एक बेळगावची, घरी मराठी बोलणारी आणि शाळेपासून कन्नड शिकलेली. तिच्यामुळेच ही ओळख झाली होती. भिंतीवर पुस्तकांची मुखपृष्ठे, मसाल्यांच्या पुड्यांची वेष्टने, एका वस्तुसंग्रहालयाच्या मार्गदर्शक पाट्यांचे नमुने लावलेले होते. काम चांगले होते. संभाषण मात्र लवकरच गिऱ्हाइकांवर आले. “अहो, तीन नमुने आधी दाखवा म्हणतात, आवडला तर पैसे,” ती म्हणाली. “शिंप्याला कोणी सांगेल का, तीन सदरे शिव, आवडला तो घेतो?” त्याच आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्यांचे तिन्ही नमुने नापसंत म्हणून परत केले होते, आणि त्यांतील एकाशी बरेचसे मिळतेजुळते चिन्ह महिन्याभरात त्याच्या गाड्यांवर दिसू लागले होते. दावा लावण्याचा विचार दोघींनी केला आणि वकिलाच्या शुल्काचा अंदाज ऐकून तो सोडला.

ही एका स्टुडिओची कैफियत म्हणून बाजूला ठेवता आली असती. परंतु फुकट नमुने मागण्याचा हा प्रकार शासनानेही प्रतिष्ठित केलेला आहे. २०१० साली भारतीय रुपयाला चिन्ह मिळाले. खुली स्पर्धा घेण्यात आली, तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात संशोधन करणारे डी. उदयकुमार यांचे चिन्ह १५ जुलै रोजी मान्य झाले. पारितोषिक होते अडीच लाख रुपये. त्याच वर्षी ‘आधार’चे सूर्य आणि बोटाचा ठसा असलेले बोधचिन्हही स्पर्धेतूनच निवडले गेले. ते पुण्याच्या अतुल पांडे यांचे होते आणि त्याचे पारितोषिक एक लाख रुपयांचे होते. विजेत्यांच्या गुणवत्तेविषयी येथे काहीच म्हणावयाचे नाही. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे रुपयाचे चिन्ह आज प्रत्येकाच्या बोटांखाली आहे. प्रश्न आहे तो हरलेल्यांचा. एका प्रवेशिकेमागे दोनच दिवसांचे काम धरले, तरी तीन हजार प्रवेशिकांचे सहा हजार दिवस होतात. वर्षाचे तीनशे दिवस काम करणाऱ्या एका माणसाची ही वीस वर्षे झाली. ती राष्ट्राला विनामूल्य मिळाली. पुलाचा आराखडा हवा असता तर देशातील सर्व अभियंत्यांना असे फुकट राबवण्याचे कोणाच्या मनात आले नसते.

असे का घडते? वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे व त्यांची परिषद आहे. नोंदणी नसलेल्याला स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. डिझायनरांसाठी तसा कायदा नाही. केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केले आणि २००९ मध्ये भारतीय डिझाइन परिषद स्थापन केली. पण परवाना देणे किंवा शुल्काचे नियमन करणे हे त्या परिषदेचे काम नव्हे. संगणक आणि आज्ञावली विकत घेतली की उद्या सकाळी कोणीही डिझायनर होऊ शकतो. परवान्याची पद्धत आणावी असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. साबणाच्या पेटीवर शरभ काढणारे शास्त्री रसायनज्ञ होते, हे विसरून चालणार नाही. पण निविदेत डिझाइनचा वेगळा दर असावा आणि मागवलेल्या प्रत्येक नमुन्याचे काही ना काही शुल्क द्यावे, एवढे तरी सरकारी कार्यालयांना नियमाने करता येण्यासारखे आहे.

या सगळ्याचा संबंध शहराच्या रस्त्याशी काय, असे वाचक विचारील. तो अक्षरांतून येतो, आणि त्यासाठी कन्नड लिपीची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

कन्नड अक्षरे गोलाकार असतात. आपल्या देवनागरीप्रमाणे त्यांना सलग शिरोरेषा नसते. बहुतेक व्यंजनांच्या डोक्यावर एक लहानसा तुरा असतो, त्याला ‘तलकट्टु’ म्हणतात. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली, थोडे उजवीकडे लटकते. त्याला ‘ओत्तु’ म्हणतात. ‘कन्नड’ हाच शब्द घेतला तर त्यातील दुसरा ‘न’ ओळीच्या खाली उतरतो. म्हणजे भाषेचे नाव लिहायलाच ओळीखाली जागा सोडावी लागते. ‘कर्नाटक’ लिहिताना मराठीत रफार ‘ना’च्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये तो ‘ना’च्या उजवीकडे, उच्चाराच्या क्रमाने पाहिले तर उशिरा, येऊन उभा राहतो. ‘बेंगळूरु’ या नावात खाली काही लटकत नाही, पण अनुस्वाराचे वर्तुळ आणि उकार हे सारे उजवीकडे पसरतात, त्यामुळे शब्द लांब होतो. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना यांपैकी कोणतीच अडचण नाही. ती सारी एका उंचीची आणि चौकटीत गच्च बसणारी असतात. परिणामी पाटीवर दोन्ही लिप्यांना सारखीच उंची दिली, तर ओत्तुसाठी खाली जागा सोडल्यामुळे कन्नड अक्षराचे मुख्य अंग लहान होते आणि शब्द दबलेला दिसतो. हा भेद मोजपट्टीला कळत नाही. डोळ्याला तत्काळ कळतो.

खिळ्यांच्या काळात जुळाऱ्यांनी आणि हाताने पाट्या रंगवणाऱ्या कारागिरांनी हे प्रश्न आपापल्या परीने सोडवले होते. पाटी रंगवणारा शब्दागणिक अक्षर हलवी, ओत्तु थोडा वर ओढी, शेजारचे अक्षर अरुंद करी. आपल्याकडे कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जे रूप दिले त्याच जातीचे हे कौशल्य होय. फरक एवढाच की शेडग्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले, बहुतेक पाटीवाल्यांचे झाले नाही. पुढे संगणकावर कापलेली अक्षरे आणि फ्लेक्सचे फलक आले, आणि ब्रश मागे पडला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून बंगळूरमधील बेकायदा फ्लेक्स फलक उतरवण्यात आले तेव्हा शहर काही दिवस उघडेबोडके वाटले. रंगारी मात्र त्याने परत आले नाहीत.

संगणकावर कन्नड अक्षर आणण्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यात पुण्याच्या सी-डॅकचा आणि मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या ‘श्रीलिपी’चा वाटा आहे, १९९८ मध्ये शेषाद्रि वासू यांनी ‘बरह’ ही आज्ञावली दिली, कन्नड गणक परिषदेने ‘नुडी’ सिद्ध केली. मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. विंडोज प्रणालीवर ‘मंगल’ या टंकात मराठी वाचणाऱ्या अनेकांना त्यामागे सुलेखनकार र. कृ. जोशी यांची दृष्टी आहे हे ठाऊक असते. परंतु त्याच प्रणालीतला, कर्नाटकातील नदीचे नाव धारण करणारा ‘तुंगा’ हा कन्नड टंकही जोशींच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘बालू’ हा गुबगुबीत टंक अनेक भारतीय लिप्यांत केला. त्याच्या कन्नड भावंडाचे नाव ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, आणि तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. कन्नड टंकाला काही शे आकार काढावे लागतात आणि प्रत्येक ओत्तु प्रत्येक व्यंजनाखाली तपासावा लागतो. इतक्या कामाचा खर्च उचलायला येथील दुकानदार किंवा प्रकाशक सहसा पुढे येत नाही. ‘तुंगा’चा खर्च अमेरिकेतील कंपनीने उचलला तो आपली प्रणाली भारतात खपावी म्हणून. त्यात गैर काही नाही. पण पडद्यावर सुवाच्य ठरावे म्हणून घडवलेले अक्षर दुकानाच्या पाटीवर दोन फूट उंच केले की ते परके दिसते.

इकडे पाटीवरची भाषा हा राजकारणाचा ऐरणीवरचा विषय झाला. २०१७ मध्ये ‘नम्म मेट्रो’च्या स्थानकांवरील हिंदी अक्षरांना विरोध झाला आणि ती झाकली गेली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजी पाट्यांविरुद्ध बंगळूरमध्ये मोठे आंदोलन झाले, काही पाट्या फोडल्या गेल्या. २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नामफलकावर साठ टक्के कन्नड असावे आणि तेही वरच्या बाजूला असावे, असे ठरले. महाराष्ट्रात २०२२ मध्ये लहान दुकानांनाही मराठी पाट्यांचा नियम लागू झाला आणि मराठी अक्षर अन्य लिपीपेक्षा लहान नसावे, असे बंधन आले; सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्या शहरात आपली लिपी दिसावी ही इच्छा दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती रास्त आहे. पण साठ टक्के म्हणजे अक्षरांची उंची, की व्यापलेली जागा? ओत्तुसह, की ओत्तु सोडून? मराठीत वेलांटी आणि उकार धरून, की वगळून? असा प्रश्न एखाद्या डिझायनरने विचारला तर तो वितंडवाद वाटेल, परंतु अक्षर वाचले जाणार की नुसते मोजले जाणार, हे त्यावरच ठरते. थोड्या आठवड्यांत शहरभर पाट्या बदलायच्या म्हटल्यावर दुकानदार फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याच्या संगणकात जो टंक होता तो ताणून रुंद केला गेला, कोठे ओत्तु खालच्या इंग्रजी ओळीवर आदळला, कोठे शब्द मध्येच तुटला. कन्नड लिहिता-वाचता येणारे, डिझाइन शिकलेले शेकडो तरुण याच शहरात पडद्यावरची बटणे घडवीत होते.

आता चित्रे काढणारी यंत्रेही आली आहेत. २०२२ पासून चार शब्द लिहिले की बोधचिन्हाचे दहा नमुने यंत्र पुढे करते, आणि ‘तीन नमुने फुकट’ मागणाऱ्याला स्टुडिओची पायरी चढण्याचीही गरज उरलेली नाही. भारतीय लिप्यांतील जोडाक्षरांशी ही यंत्रे अजून अडखळतात, एवढाच काय तो तूर्त दिलासा. तो किती दिवस पुरेल हे पाहावयाचे.

जयनगरच्या त्या स्टुडिओला गेल्या वर्षी पुन्हा भेट दिली. खालच्या फाटकावर नवी पाटी होती. नियमाप्रमाणे वर कन्नड, खाली इंग्रजी. कन्नड अक्षरे दोघींनी स्वतः काढली होती. जुन्या बंगळूरमधील रंगवलेल्या पाट्यांची छायाचित्रे समोर ठेवून, ओत्तु कोठे वळवावा याचे कित्येक कागद खरडून, फावल्या वेळात तीन आठवडे ते काम चालले होते. त्याचे देयक अर्थातच कोणाच्या नावे निघाले नव्हते. पाटी बसवायला आलेल्या ठेकेदाराने टेप लावून मोजमाप घेतले आणि साठ टक्के भरते आहे असे समाधानाने सांगितले. मग थोडा मागे सरून त्याने पाटीकडे पाहिले आणि हा टंक कोणता, आपल्या संगणकात तो कसा नाही, असे विचारले. असा टंक नाही, ही एवढीच अक्षरे आहेत, हाताने काढलेली, असे बेळगावच्या बाईंनी त्याला समजावले. तर मग ती फाइल पाठवून द्या, दुसऱ्या पाट्यांना उपयोगी पडेल, असे म्हणून तो शिडी उचलून पुढच्या दुकानाकडे गेला.